जिंतूर ते हैदराबाद, भाकऱ्या होईस्तोवर

साखरेच्या आजारानं भागवतच्या एका डोळ्याची नजर गेली आणि ट्रक सुटला. उभा जन्म जिंतूरहून कापसाच्या गाठी भरून कोइमतूरला नेणारा माणूस वालूरच्या घरात बाजेवर बसून राहू लागला. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, त्याच्या घरात असण्याची सवयच नव्हती. कामातून मान वर केली की नवरा समोर दिसे, आणि ती दचके.

लेक राजनंदिनी पुण्यात नोकरीला होती. दिवाळीला येताना तिनं टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग आणलं आणि लॅपटॉपवर ट्रक चालवायचा गेम टाकला. कुणा हौशी पोरांनी त्यात इकडचे रस्तेही बनवले होते. भागवतनं चपला बाजूला काढल्या, स्टिअरिंगला हात लावून पाया पडला आणि जिंतूरहून गाडी काढली.

पलीकडे मनकर्णा भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा तो म्हणाला, "पोचलो हैदराबादला."

"भाकऱ्या होईस्तोवर?"

"हाव."

"मग तुमी आठ-आठ दिवस कुठं ऱ्हायचे?"

ती थट्टेनं बोलायला गेली, पण आवाज तसा निघाला नाही. तिच्या आईच्या मातीला तो आला नव्हता. लेकीच्या बारशालाही नाही. दर वेळी एकच सांगणं, रस्ता लांब हाय.

राजनंदिनी घाईनं म्हणाली, "आई, ह्यात नकाशा आकसलेला असतो. वीस किलोमीटरचा रस्ता एकात बसवतात. खरा तेवढाच ठेवला तर कोण दिवसभर खेळत बसंल? शहरं ठेवायची, मधलं काढून टाकायचं. बाकी गिअर, ब्रेक, डिझेल, सगळं खऱ्यासारखं."

"मधी काय असतं वो?" मनकर्णानं नवऱ्याला विचारलं.

"काय न्हाई. रस्ता." त्यानं परतीसाठी गाडी वळवली. गिअर टाकत म्हणाला, "निर्मलच्या पुढं लय झोप यायची. हिरवी मिरची चावायचो. तिनं बी न्हाई भागलं की तुझ्यासंगं भांडायचो."

"माझ्यासंगं?"

"मोठ्यानं. तुझं बोलणं बी मीच बोलायचो. क्लीनर हसायचा."

"आन जिंकायचं कोण?"

"तूच की. उशीर तर माझाच असायचा."

राजनंदिनी हसली. मनकर्णा हसली नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि बाजेच्या कडेला येऊन टेकली.

"तुमी आल्यावर इचारायचे, सगळं बरं हाय ना. मी म्हणायची, हाय."

"हाव."

"एकदा नव्हतं बरं. ही दोन वर्साची व्हती. ताप डोक्यात गेला, डोळे पांढरे केले हिनं. यष्टी निघून गेलती. मी हिला घेऊन सडकंवर उभी ऱ्हायले. येईल त्या गाडीला हात करायलालते, कुणी थांबंना. मग एक ट्रक थांबला. त्या माणसानं सेलूच्या दवाखान्यापस्तोर सोडलं. नाव बी सांगितलं न्हाई. तवाच पहिल्यांदा ट्रकात बसले मी. लय उंच असतं. म्हणलं, हितून ह्यांना घर काय दिसत असंल."

भागवतचे हात स्टिअरिंगवरून कधी सुटले त्याला कळलं नाही. पडद्यावरचा ट्रक दुभाजकाला घासत जाऊन उभा राहिला. राजनंदिनी तो मागे घ्यायला पुढं झाली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. मग मनकर्णाकडं वळला. "मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी दुसऱ्या दिशी पुन्ना निघणार व्हते. वाटंत तेच डोक्यात घेऊन बसले असते."

राजनंदिनीनंही हे कधी ऐकलं नव्हतं. ती तिथंच खाली फरशीवर बसली. भागवत एकेक विचारत गेला. घरात आणखी कोण होतं, डॉक्टर काय म्हणाला, परत कशी आलीस. मनकर्णा सांगत गेली. न विचारलेलंही सांगू लागली.

"सडकंपस्तोर पोरीला कोणत्या खांद्यावर घेतलं व्हतं?" त्यानं विचारलं.

मनकर्णा जरा आठवत राहिली. "डाव्या," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.