दुसऱ्यातून तिसऱ्यात

“पाय तसाच ठेवा गुरुजी. दाबू बी नका, सोडू बी नका,” शेजारच्या सीटवरून जैनुद्दीन म्हणाला. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडलेली. गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेली आणि नेहमीचा धक्का बसला.

“माझंच काहीतरी चुकतंय,” मी म्हणालो.

“गिअर गाडी बदलतीया. तुमी कशाला मधी पडताय?”

डावा गुडघा वाकत नाही, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. माझ्या बायकोच्या, शालूच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर गुरुवारी तिला मिरजेला दाखवायला न्यावं लागे. प्रत्येक धक्क्याला ती मागच्या सीटवर दाराची मूठ घट्ट धरी. ओरडत नसे, आणि तेच मला जास्त लागे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, गिअरबॉक्स जाणार, गाडी विकून टाका. मग तिला नेणार कसं? गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी तीनदा वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि चूक आपल्याच पायाची आहे असं ठरवून उंब्रजला जैनुद्दीन मेकॅनिककडे आलो.

“पुस्तक वाचून धक्का जात आसता तर मी लायब्रीतच गॅरेज टाकलं आसतं,” तो म्हणाला होता.

हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये परत आल्यावर मात्र त्याची थट्टा थांबली. लॅपटॉपवरचे आकडे तो पुन्हा पुन्हा खालीवर करत राहिला.

“ही गाडी आधी पाचगणीच्या हॉटेलवाल्याची व्हती?”

“हो.”

“मग चूक माजी हाय.”

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“गिअर बदलताना इंजिनानं घडीभर जोर सोडायचा आसतो. ठिणगी जरा उशिरा टाकायची, पाव सेकंद. तेवढ्यात आतल्या क्लचच्या प्लेटा बिनमाराच्या धरत्यात. हॉटेलवाला म्हनला, घाटात गाडी दम खाती. मी लॅपटॉपवरनं ते उशिरा टाकणंच काढून टाकलं. त्यो खूश, मी बी खूश. मार सगळा गिअरबॉक्सनं खाल्ला.”

तो गप्प राहिला असता तर मला जन्मात कळलं नसतं. मला मात्र भलतंच सुचलं.

“म्हणजे माझा पाय नव्हता?”

“आवं, तुमचा पाय लय गुणाचा हाय!”

त्याने गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर टाकलं. ते काळपट होतं, जळकट वासही होता. त्याने ते बोटांत चोळलं, उजेडात धरलं. गिअरबॉक्स गेला का, हे विचारायचा धीर मला होईना.

“धातूचा चुरा न्हाई,” तो अखेर म्हणाला. “वाचलाय.”

मी खुर्ची नसलेल्या ठिकाणी बसायला निघालो होतो. त्याने दंड धरला.

ऑइल बदलून झाल्यावर आम्ही दुपारभर कराडच्या रस्त्याला ये-जा केली. ठिणगी फार उशिरा पडली की गाडी मरगळायची, लवकर पडली की धक्का. दर फेरीला तो एखादा आकडा बदलायचा, मग डोळे मिटून पाठ सीटला टेकवायचा. “कमरंला कळतंय,” म्हणायचा.

गुरुवारी सकाळी तो न बोलावता दारात उभा.

“वैनी मागं बसल्यावर गाडी कशी चालती, ते बघितल्याबिगर मला झोप न्हाई.”

“आजवर तुम्हीच आमची झोप उडवली म्हणायची!” शालू म्हणाली. त्याने मान खाली घातली.

जाताना ती मूठ धरूनच होती. डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हटलं. परतीच्या वाटेवर, कासेगाव मागे पडल्यावर, मी आरशात बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. मान कलली होती. ती झोपली होती.

मी काही बोलणार, तोच जैनुद्दीनने ओठांवर बोट ठेवलं.

उंब्रजला तो शेडपाशी उतरला. दार त्याने आपटलं नाही. दोन्ही तळवे टेकवून हळूहळू दाबत राहिला, खटका लागेपर्यंत.