लामिनच्या डाव्या पायाचं माप

हर्णैचा कासम परकार दोहाच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडायचा. दोन्ही कामं अगदी मन लावून. कुणी मापाला जुना कपडा आणला की त्याचं डोकंच फिरायचं. "कपडा अंगावर घालणार की जुन्या सदऱ्यावर? हात वर कर!" म्हणत तो टेप काढायचाच. शिवल्यावर खांद्यात ओढत असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी हाच ओरडायचा, "चुकलाय! काढ, परत शिवतो." आणि नीट बसलं असेल तेव्हाच, फक्त तेव्हाच म्हणायचा, "एकदम बरोबर बसलाय." हे त्याच्या तोंडून ऐकलं की माणसं आरशात न बघता घरी जायची.

असला हा हेकट माणूस जन्मात एकदाच माप न घेता शिवायला बसला, आणि त्यातच फसला.

साल चौसष्ट. बंदराचं काम करणाऱ्या एका कंपनीनं बास्केटबॉलची टीम काढली होती. तिचा मॅनेजर जाफर साहेब बैरुतचा, त्यानं तिथूनच एक सेनेगलचा खेळाडू आणला. लामिन सेक. साडेसहा फुटांच्या वर उंची. दुकानात वाकून शिरला तरी कपाळ चौकटीवर आपटलंच. आधी फ्रान्समध्ये, मग बैरुतमध्ये खेळलेला. त्याची अरबी मदरशातली, तोलून मापून बोललेली. कासमची बाजारातली, वाट्टेल तशी धावणारी. पण दोघांचं जमलं.

"खेळायची चड्डी हवी. गुडघ्याच्या खाली येणारी," लामिन म्हणाला आणि एक जुनी चड्डी पुढे केली. "मापाला ही घ्या. लांबी तेवढी वाढवा."

'हात वर कर' कासमच्या ओठांवर आलं होतं. पण गुडघ्याच्या खाली? बाकीचे खेळाडू मांड्या उघड्या टाकून मैदानभर नाचतात, आणि हा एवढा नावाजलेला माणूस अंग झाकायला बघतो! कासमला भरूनच आलं. असल्या दीनदार, धर्म पाळणाऱ्या माणसाच्या मांडीला टेप लावायची? छे छे. त्यानं ती जुनी चड्डी दोन्ही हातांनी घेतली.

घरी बायको फरजाना बघतच राहिली. "अवो, जुन्या कपड्यावर शिवताव? तुमी?"

"तुला नाय कळायचा," कासम म्हणाला.

मग काय, बाजारभर लामिनचंच कौतुक. शुक्रवारी मशिदीबाहेर उभा राहून कासम ज्याला त्याला सांगायचा, बघा, खेळाडू असावा तर असा. कुणी म्हणालं, तुझा लामिन पळत नाही, नुसता जाळीखाली खांबासारखा उभा राहून चेंडू टाकतो, तर कासम अंगावर यायचा. "त्याला पळायची गरजच काय? हात वर केला की पोचतो!"

लामिन दुपारी दुकानात येऊन बसायचा. काळा चहा प्यायचा आणि जाताना मूठभर चिंध्या मागून न्यायचा. बूट पुसायला, म्हणायचा. आईबद्दल फार बोलायचा. तिची दृष्टी कधीच गेलेली. लेक घरी आला की ती डोक्यापासून पायापर्यंत त्याच्यावरून हात फिरवते, सगळं जागेवर आहे अशी खात्री करते, मगच जेवायला वाढते.

"यंदाचा शेवटचा सामना जिंकलो तर जाफर साहेब आणखी दोन वर्षं ठेवणार आहेत," तो म्हणाला. "मग तिला इथे आणीन. इथून हजला नेईन. तिला शब्द दिलाय."

"इन्शाल्ला! तिचा एहराम मी शिवून देतो," कासम म्हणाला. बाईमाणसाला हजसाठी एहरामचं पांढरं कापड लागत नाही, नेहमीचेच कपडे चालतात हे घरी फरजानानं हसत हसत सांगितलं, तेव्हा त्यानं तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

शेवटचा सामना दुखानच्या तेल कंपनीच्या टीमशी होता. शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर. सिमेंटच्या मैदानाभोवती ही गर्दी. कासम सगळ्यांत पुढे. दोन मिनिटं उरली होती आणि गुण बरोबरीत. तेवढ्यात दुखानच्या एकानं चेंडू हिसकावला आणि मोकळ्या मैदानातून सुसाट सुटला. त्याला गाठेल असा मागे एकटा लामिनच.

आणि लामिन पळाला! अख्ख्या मोसमात पहिल्यांदा. एक पाऊल, दुसरं, आणि तिसऱ्याला डावा पाय कपड्यासारखा दुमडला. तो धाडकन सिमेंटवर आपटला, घसरला, आणि चड्डी पार वर सरकली.

चड्डीखाली मांडीला करकचून बांधलेली पट्टी सुटली होती आणि आतून चिंध्यांचे बोळे बाहेर पडत होते. एका शाळामास्तरांच्या सदऱ्याचं निळं पट्ट्यांचं कापड. फरजानाच्या झंपराचं हिरवं फुलांचं. एकेक तुकडा कासमच्या कात्रीनं कापलेला. आणि त्या बोळ्यांच्या आत जी होती ती मांडी? या अल्ला! ती मांडी नव्हतीच. नुसतं हाड, त्यावर कातडं आणि गुडघ्यापर्यंत टाक्यांचा लांब व्रण.

कुणीतरी हसलं. कासम मैदानात घुसला, डोक्यावरचा रुमाल काढून त्या पायावर टाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हसता काय? माणूस पडलाय!"

दुखानवाले जिंकले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी बैरुतमध्ये लामिनचा गुडघा मोडला होता, पाय वाळत चालला होता, आणि तिथल्या डॉक्टरनं खेळ बंद म्हणून बजावलं होतं. ते लपवून तो इथे आला होता. जाफर साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्यानंही गुरुवारचं परतीचं तिकीट हातात ठेवलं. खलास.

दुसऱ्या दिवशी कासम कंपनीच्या खोल्यांवर गेला तो भांडायलाच. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. "माझ्या दुकानातल्या चिंध्या! माझाच चहा प्यायचास आणि मलाच फसवायचास? मी जगभर तुझी तारीफ करत फिरलो रे!"

लामिन खाटेवर बसला होता. मान खाली.

"कासमभाई, तुम्ही माणसाचं माप घेतल्याशिवाय शिवत नाही, असं सगळे म्हणाले होते. मी त्या दिवशी ठरवूनच आलो होतो. टेप काढलीत तर सांगून टाकायचं, कुणाला तरी सांगायचं. तुम्ही काढलीच नाहीत."

कासमचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

मग लामिन म्हणाला, "घरी जायला एक पँट शिवाल? पाय सारखे दिसतील अशी?"

कासमनं टेप काढली. उजवी मांडी तेवीस इंच. डावी चौदा. चुकलं असेल म्हणून परत लावली. चौदाच. आकडा लिहायला वही घेतली आणि न लिहिताच मिटली.

घरी त्यानं पँटच्या डाव्या पायाला आतून अस्तर लावलं आणि फरजानानं त्यात कापूस भरला. लांबून दोन्ही पाय सारखे दिसत होते. कासम खूश होऊन बघत असताना फरजाना हळूच म्हणाली, "पण त्याची आई बघणार कुठे? ती तर हातानं चाचपणार."

कासमनं कात्री घेतली. सगळी शिलाई उसवली. कापूस काढला. चिंध्यांचे थर घालून, वाकळीसारखे घट्ट टाके मारून, दोघांनी तो पाय नव्यानं भरला. बुधवारी दुपारी काम संपलं.

लामिननं पँट घातली आणि दुकानात उभा राहिला. आरशाकडे त्यानं पाहिलंही नाही. "डोळे मिटा," तो कासमला म्हणाला. "तिच्यासारखा हात फिरवा."

कासमनं डोळे मिटले. डोक्यापर्यंत त्याचा हात पोचणार नव्हता, म्हणून खांद्यापासून सुरुवात केली. छाती, कंबर, मग डावी मांडी. दाबून बघितली. कापड होतं. कितीही घट्ट भरलं तरी हाताला कापडच लागत होतं, ऊब नव्हती, आणि हे कुठल्याही आईला पहिल्या स्पर्शात कळलं असतं.

त्यानं डोळे उघडले. लामिन त्याच्याकडे बघत होता.

"एकदम बरोबर बसलाय," कासम म्हणाला.