चिठ्ठीवरचा निळा खडू

"हिचाच विश्वास कमी पडला, नाहीतर देवानं त्याला बरं केलं असतं." शिवणवालीच्या नवऱ्याला माती देऊन परतताना थोरली जाऊ चारचौघांत हे बोलली, आणि सात वर्षं झाली तरी तिच्या काळजातून ते वाक्य निघालं नव्हतं. जाऊबाईंनी आजारी दिरासाठी प्रार्थना केली होती खरी, पण दारातून, नाकाला रुमाल लावून. खोलीत पाऊल टाकलं नाही. तरी चर्चच्या मंडळीत वाहवा त्यांची झाली आणि अविश्वासी ठरली ही. शिवणवालीला एकच हवं होतं, ते वाक्य जावेनं आपल्या तोंडानं परत घ्यावं.

यंदा पाळकांनी नवीनच टूम काढली. देवानं प्रत्येकाला एक गुण दिलेला असतो; आपलं हे कृपादान आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येकानं डब्यातून एक नाव उचलायचं, त्या माणसाचं दान खाली लिहायचं, स्वतःची सही करायची नाही. मग त्या माणसानं तीन महिने तेच काम करायचं. शिवणवालीच्या हाती आलं जावेचं नाव. देवालाही कधीकधी चेष्टा सुचते, असं तिला वाटलं.

जाऊबाई गाण्याच्या नाहीतर उपदेशाच्या दानाची वाट बघत पहिल्या बाकावर नटूनथटून बसल्या होत्या. हिनं दुकानात, निळ्या खडूनं कापड बेतता बेतता लिहिलं: आजाऱ्यांची सेवा, अंग पुसणं, घाण काढणं. रविवारी पाळकांनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हिच्या जिवाला असा गारवा सात वर्षांत मिळाला नव्हता.

आठ दिवसांत बाई पळ काढणार, ही तिची खात्री. पण तिसऱ्या महिन्यात बातमी आली ती भलतीच. अंथरुणाला खिळलेला म्हातारा सुतार म्हणे जाऊबाईंखेरीज कुणाच्या हातून घास घेत नाही. वर पाळक म्हणाले, ही चिठ्ठी ज्यानं लिहिली त्याला माणसं पारखण्याचं दान आहे. शिवणवालीचा असा जळफळाट झाला की दिवसभर सुईत दोरा जाईना.

मग एका दुपारी जाऊबाई स्वतः दुकानात आल्या. झग्याच्या बाह्या आखूड करून हव्या होत्या, अंग पुसताना पाण्यात भिजतात म्हणून. शिवणवालीनं त्यांना उभं केलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली.

"चिठ्ठी तूच लिहिलीस ना? कागदाला तुझा निळा खडू लागला होता."

"मग?"

"माझी फजिती व्हावी म्हणून लिहिलीस, तेही कळलं मला."

"कळलं होतं तर गेलात कशाला?"

जाऊबाई म्हणाल्या, "तेव्हा भाऊजींच्या खोलीत गेले नव्हते म्हणून. मला भीती वाटली होती गं. ती झाकायला तुझ्यावर ढकललं. विश्वास माझा कमी पडला, तुझा नाही."

"हे रविवारी सगळ्यांसमोर म्हणाल?"

"म्हणेन."

शिवणवालीनं टाचणी उचलली आणि बाहीला लावता लावता दंडात टोचली. चुकून नव्हे, मुद्दाम, चांगली खोल. जाऊबाईंनी हात मागे घेतला नाही. रक्ताचा बारीक ठिपका वर आला. शिवणवालीनं तो अंगठ्यानं पुसला, आणि दुसरी बाही हातात घेतली.