देवापुढं अडकलेलं स्पॅनिश पुस्तक

होय, मीच ते जुनं, स्पॅनिश शिकवणारं पुस्तक. परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात स्पॅनिश कशाला, म्हणून हसायचं असेल तर आधी हसून घ्या मित्रांनो. माझं डोकं आधीच फिरलंय.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. कुणीतरी मला रेल्वेत विसरलं आणि मी सेलूच्या रद्दीवाल्याच्या तराजूत पडलो. तिथं एका भेळवाल्यानं माझी नऊ पानं फाडली. नऊ! फळांची सगळी नावं चिवड्याच्या तेलात गेली. शेवटी पेडगावच्या शिवकन्यानं मला उचललं. तिचे आईबाप, आश्रुबा आणि दैवशाला, दरसाल ऊसतोडीला जातात. एका संस्थेच्या, फोनवरच्या स्पॅनिश तोंडी परीक्षेत पास झाली तर पोरीला परभणीत शिकायला मिळणार होतं, राहायची सोयही होणार होती. नापास झाली तर दसऱ्यानंतर टोळीबरोबर, फडावर भाकरी थापायला.

बाकी सगळं तिला येत होतं. घोडं अडत होतं सत्तेचाळिसाव्या पानावर, एका साध्या विशेषणापाशी. कान्सादो, म्हणजे थकलेला. बाई असली की कान्सादा, थकलेली. आपल्या मराठीसारखंच की! त्याच्याआधी 'एस्ता' लावायचं, कारण थकवा आजचा असतो. बैल थकलाय, एल बुएइ एस्ता कान्सादो. पण ही घाईत कायमच्या स्वभावाचं 'एस' लावायची, आणि बिचारा बैल कंटाळवाणा ठरायचा. परीक्षेच्या सकाळी ते पान एकदा नजरेखालून घालू, असं तिनं ठरवलं.

त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. आश्रुबांनी सकाळीच कोयता धुतला, पाटावर ठेवला, शेजारी मला ठेवलं आणि दोघांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली.

"आबा, बारा वाजता परीक्षा हाय. एक पान बघू द्या की," शिवकन्या म्हणाली.

"देवापुढचं हाय ते. उद्या दसऱ्याला उचलायचं. विद्या रुसती, पोरी."

विद्या रुसत नाही हो, मिटलेल्या पुस्तकात गुदमरते! मी आतल्या आत नुसता जळत होतो. पोरगी भिंतीला टेकून रडत होती.

इतक्यात दारात ट्रॅक्टर थांबला. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या माणसाला वाटेतली बाभळीची फांदी तोडायची होती. त्यानं कोयता मागितला आणि आश्रुबांनी तो पाटावरून उचलून, कपाळाला लावून, लगेच दिला. एका शब्दानंही 'देवापुढचा' म्हणाले नाहीत!

दैवशाला चुलीपुढून उठली.

"मुकादमानं मागितलं की देवाला चालतंय, आन लेकरानं मागितलं की विद्या रुसती व्हय? कोणता देव हाय वो तुमचा?"

तिनं मला उचललं, पदरानं कुंकू पुसलं आणि लेकीच्या मांडीवर आदळलं. इतकं लागलं, पण मला लय बरं वाटलं! शिवकन्यानं झटकन सत्तेचाळिसावं पान उघडलं.

बाराला फोन आला. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी घरातल्या एका माणसाबद्दल सांगायला लावलं. शिवकन्यानं आईकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "मि माद्रे एस्ता कान्सादा." पुढंही बरंच बोलली. पास झाल्याचं बाईंनी फोनवरच सांगितलं.

"माझ्याकडं बघून काय म्हणलीस गं?" दैवशालानं विचारलं.

"माझी आई थकलीय, असं."

दैवशालानं पदरावरचं कुंकू झटकलं. मग म्हणाली, "त्या परक्या बाईला सांगितलंस व्हय? बरं केलंस. ह्या घरात बावीस वर्सांत कुणी इचारलं न्हाई."

दसऱ्यानंतर शिवकन्या मला घेऊन परभणीला आली. दैवशाला टोळीबरोबर गेली, तशीच, थकलेली. म्हणून माझा राग अजून उतरलेला नाही. मित्रांनो, पुस्तकाला फूल खुशाल वाहा, पण लेकरानं मागितलं की त्याच घटकेला उघडून द्या. आणि 'थकलीस का गं?' एवढं घरात विचारायला स्पॅनिश शिकावं लागत नाही.