साडेसातचा फोटो

सकाळी साडेसातला ऊन आमच्या गल्लीत उतरते, ते आधी सुधाकर गजभियेच्या टकलावर. तिथे क्षणभर थबकते आणि मग त्याच्या खांद्यावरून पुढे सरकून समोरच्या वत्सलाबाईंच्या निळ्या दारावर पसरते. उन्हाळ्यात नागपूरचे ऊन कोवळे कधी नसतेच. ते पिकूनच उगवते. पण त्या घडीला त्यात एक नितळपणा असतो, आणि दाराच्या फळ्यांवरची प्रत्येक रेष, कडीवरचा गंज, चौकटीचा उडालेला रंग सारे काही स्पष्ट दिसते. सुधाकर नेमकी तीच घडी धरतो. कॅमेऱ्याचा कोरडा खटका उडतो आणि मी गॅलरीत चहाचा दुसरा घोट घेतो. जन्मभर शाळेत गणित शिकवले, पण घड्याळावर माझा त्या खटक्याएवढा विश्वास बसला नाही.

सुधाकरचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि निळा पडदा. मोबाइलने त्याचा धंदा पार बसवला. आता पासपोर्टचे फोटो तेवढे उरले आहेत. तरीही समोर बसलेल्या माणसाची हनुवटी तो दोन बोटांनी अशी हळुवार वर करतो, की मान खाली घालून आलेला माणूसही घटकाभर ताठ होतो. रीळ धुण्याच्या काळापासूनची एक दोरी अजून त्याच्या भिंतीवर आडवी ताणलेली आहे. आता छापून कोरडा फोटो हातात येतो, त्याला वाळवायचे काही कारण नाही. पण सुधाकर प्रत्येक फोटो आधी चिमट्याने त्या दोरीला लावतो, दोन पावले मागे सरून पाहतो आणि मगच गिऱ्हाइकाला देतो. त्याचा एक हट्ट मला फार दिवस कळला नव्हता. माणसाशिवाय तो फोटो काढत नाही. रिकामी जागा त्याला उष्ट्या ताटासारखी वाटते.

होळीनंतर आमचा डांबरी रस्ता उखडला गेला. सिमेंटचा होणार म्हणून गल्ली आनंदली, मीही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. सुधाकरने मात्र पहिल्याच दिवशी छिन्नी घेऊन आपल्या ओट्याच्या फरशीत तीन खाचा पाडल्या, त्यांत कॅमेऱ्याच्या तिपाईचे तीन पाय रोवले आणि समोर पाहिले. समोर नुसता खणलेला रस्ता आणि दार. त्याचा चेहरा पडला. मग त्याने हाक मारली.

“मावशी, जराशी खाली ये वं. दारासमोर उभी राह्य.”

वत्सलाबाई पदराला हात पुसत तीन पायऱ्या उतरल्या आणि रस्त्यावर, पायऱ्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने त्या कुरकुरल्या.

“काहून उभी करतं गा मले रोज? माह्यं का आता लगन जुळवून राहिला?”

“रस्त्याचा फोटो काढून राहिलो, मावशी. तू फक्त हालू नको.”

त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. वत्सलाबाईंचे वय सत्तरीचे. छप्पन साली आईच्या कडेवर बसून त्या धम्मदीक्षेला गेल्या होत्या. त्यानंतर वडिलांनी गिरणीच्या कमाईतून हे घर बांधले आणि जोते मुद्दाम उंच घेतले. आजवर दुसऱ्यांच्या दारी वाकून उभे राहिलो, आता आपल्या घरात चढून जायचे, असे ते म्हणत. त्या तीन पायऱ्या त्यांनी स्वतः घडवल्या. वत्सलाबाई त्या रोज धुतात. देवळाच्या पायऱ्या कुणी इतक्या निगुतीने धुतल्याचे मी पाहिलेले नाही.

मग ऋतू त्या फोटोंतून सरकत गेले. चैत्रातली निंबाची पिवळी गळ वत्सलाबाईंच्या पायाशी दिसते. नवतपात, उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, सावली आखडून त्यांच्या पाठीमागे लपते. आषाढात त्यांच्या हाती मुलाची जुनी छत्री येते. रोलरची घरघर, गिट्टीची धूळ, सिमेंटचा ओलसर करडा वास यांपैकी फोटोत काहीच येत नाही, तरी ती दोरी पाहिली की मला सारे ऐकू येते. मुरूम आणि गिट्टी पडली आणि पहिली पायरी गेली. त्यावर सिमेंटचा खालचा थर आला आणि दुसरी गेली. शेवटचा जाड थर दसऱ्यानंतर घालायचा होता. श्रावणात एका दुपारी पाणी तिसऱ्या पायरीवर चढले आणि उंबऱ्याला टेकून थांबले. जुनी नाली केव्हाच गिट्टीखाली गाडली गेली होती. तेव्हा कुठे गल्लीचे डोळे उघडले, माझेही.

आम्ही अर्ज घेऊन महापालिकेत गेलो. रस्ता पूर्वीच्याच पातळीवर आहे, घरेच सखल आहेत, असे उत्तर मिळाले. पायऱ्या होत्या याला पुरावा काय, असेही विचारले गेले. परत येताना माझी छाती फुगली होती, कारण पुरावा आमच्या गल्लीत दोरीला लटकत होता. आम्ही सुधाकरच्या खोलीत घुसलो आणि एकेक फोटो पाहू लागलो. एकाही फोटोत पायरी नव्हती. प्रत्येक फोटोत वत्सलाबाई नेमक्या पायऱ्यांच्या पुढे उभ्या, आणि त्यांच्या नऊवारीच्या घोळाने पायऱ्या झाकलेल्या.

मी संतापलो. “रस्त्याचा फोटो काढायला सांगितलं होतं की म्हातारीचा?” असे म्हणालो, आणि त्यापुढेही बरेच बोललो, जे आज लिहायला मला लाज वाटते. खरे तर फोटो काढायला त्याला कुणीच सांगितले नव्हते. सुधाकर स्टुलावर बसून आपल्या बोटांकडे पाहत राहिला. त्याची हनुवटी वर करणारे तिथे कुणी नव्हते.

तरी सवय सुटत नाही. आम्ही विस्कटलेले फोटो त्याने पहिल्या दिवसापासून ओळीने दोरीला लावायला घेतले. वत्सलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या आणि परत आल्या.

“सुधाकर, मी वाढली का गा?”

कुणी हसले. मी हसलो नाही, कारण तोवर मलाही दिसले होते. पहिल्या फोटोत त्यांचे डोके दाराच्या कडीखाली होते. मधल्या फोटोंत ते कडीशी आले. शेवटच्या फोटोत कडी त्यांच्या खांद्याशी होती. दार तेच, कॅमेऱ्याच्या खाचा त्याच, बाईही तीच. गणिताच्या मास्तराला जे इतक्या महिन्यांत सुचले नाही ते चौथी शिकलेल्या बाईने दोन फेऱ्यांत मांडले. मी तिथेच सुधाकरची माफी मागितली. तो म्हणाला, “असू द्या न सर, चिमटे द्या इकडे.”

दसऱ्यानंतर मिक्सर गल्लीच्या तोंडाशी येऊन घरघरू लागला, तेव्हा ती दोरी सुधाकरच्या ओट्यापासून वत्सलाबाईंच्या खिडकीच्या गजापर्यंत, रस्त्याच्या आरपार ताणलेली होती. तिच्यावर सारे फोटो. खाली वत्सलाबाई, पांढरे लुगडे नेसून. इंजिनिअर साहेब तरुण होते आणि चिडलेले होते.

“हे काय आहे? दोरी काढा.”

“आधी पाहून घ्या, साहेब,” सुधाकर म्हणाला. या माणसाचा आवाज इतका मोठा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते.

“यात रस्ता कुठाय? या तर बाई आहेत.”

“मले सांगा साहेब,” वत्सलाबाई म्हणाल्या, “ह्या वयात बाई वाढते का? मी नाही वाढली. तुमचा रस्ता वाढून राहिला.” मग सावकाश, “माह्या बापानं चढून जायले घर बांधलं. मी उतरून नाही जाणार.”

साहेब म्हणाले, कॅमेरा हलला असेल. सुधाकरने त्यांना हाताला धरून ओट्यावर नेले आणि फरशीतल्या तीन खाचा दाखवल्या. साहेबांनी वाकून तिपाईवरच्या कॅमेऱ्यातून समोर पाहिले. बराच वेळ पाहिले. मिक्सर दुपारपर्यंत उभा राहिला आणि मग सिमेंट दुसरीकडे घेऊन गेला.

पुढे अर्ज झाले, पाहण्या झाल्या, आणि फोटोंच्या प्रती कुणाकुणाच्या टेबलावर गेल्या. शेवटी खालचा थर खरवडला गेला, नाली मोकळी झाली, रस्ता उतरला. पहिली पायरी गेली ती गेलीच. पण दोन उरल्या. वत्सलाबाईंनी त्या तिसरीच्याही वाटचे पाणी ओतून धुतल्या. पुढच्या पौषात, दुपारच्या झोपेत, त्या गेल्या. मुलगा खापरखेड्याच्या कॉलनीत राहतो. दार बंद असते. सुधाकर तरीही साडेसातला ओट्यावर येई, तिपाई खाचांत बसवी, समोर पाही आणि खटका न दाबताच आत जाई. त्या दिवसांत माझा चहा थंड व्हायचा.

परवा रस्त्यावर पुन्हा चुन्याच्या खुणा पडल्या. आता कसली तरी पाइपलाइन. सकाळी खालून हाक आली.

“सर, खाली या. उभे राहा.”

“अरे, मी त्यांच्याहून वीतभर उंच आहे. जुन्या मापाशी जुळणार नाही.”

“मंग तुमचं माप आजपासून.”

मी उतरलो. दोन पायऱ्या झाकणार नाहीत असा जरा डावीकडे सरकून, निळ्या दाराकडे पाठ करून उभा राहिलो. समोर सुधाकरने दोन बोटे हवेतच वर उचलली आणि माझी मान आपोआप ताठ झाली. खटका उडाला, तरी मी हललो नाही. गेलेल्या माणसाची जागा काळ आपण होऊन राखत नाही. ती रोज सकाळी कुणीतरी उभे राहून धरावी लागते.