पुलाजवळचा जुना उतार
पालिकेच्या बांधकाम खात्यात बंदराच्या जुन्या धक्क्याच्या कामाचे नकाशे काढता काढता धाकटीची अकरा वर्षं गेली होती, आणि वाकून वाकून मानही आखडली होती. जुनी गोदामं पाडून तिथे दुकानं, हॉटेलं, उंच इमारती यायच्या होत्या. आणि पाण्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी सलग रस्ता. पहिल्या नकाशात तो चांगला चार मीटर रुंद होता. मग दर सुधारणेला कुणी ना कुणी त्याचा लचका तोडला. एकदा हॉटेलाच्या खुर्च्यांनी, एकदा गाड्यांच्या पार्किंगने. साहेबांनी सांगायचं आणि हिने रेघ सरकवायची.

शेवटच्या सुधारणेत पुलापाशी रॅम्प खोडून अठरा पायऱ्या आल्या, तेव्हा मात्र तिने विचारलं, "सायकलींचं काय?"

"उचलतील की," साहेब म्हणाले. "सायकलवाले तरुणच असतात."

धाकटी ज्या थोरल्या बहिणीबरोबर राहत होती, ती सायकलवाली छप्पन्न वर्षांची होती. पलीकडच्या काठावर हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. काम चालू होतं तोवर तीन वर्षं काठ पत्रे ठोकून बंद होता, आणि ताई ट्रकांच्या रस्त्याने वळसा घालून जात होती. "कळ काढ गं, रस्ता झाला की सुटशील," हे धाकटीच तिला सांगायची.

रस्ता खुला झाला त्या सोमवारी ताई संध्याकाळी घरी आली ती कोपर सोलवटून. मोरीत बसून तिने जखम धुतली.

"सोळाव्या पायरीवर तोल गेला," ती म्हणाली. "त्या पायऱ्या कुणी काढल्या गं?"

"मीच. साहेबांनी सांगितल्या म्हणून."

"बरं," ताई म्हणाली, आणि कोपर पुसायला लागली. दोन शिव्या घातल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून धाकटी पुलापाशी गेली. काठी टेकत आलेले एक आजोबा पायऱ्या बघून मागे फिरले. एका बाईने बाळाची गाडी अनोळखी माणसाच्या मदतीने वर नेली. पायऱ्यांच्या पलीकडे, लोखंडी फाटकाआड, पूर्वी होड्या ओढून वर आणायचा दगडी उतार तसाच पडून होता आणि वर पुलाच्या तोंडाशीच निघत होता. तिच्या एकाही नकाशात तो नव्हता, कारण जागा बंदर खात्याची.

"किल्ली आहे माझ्याकडे," फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. "हुकूम आणा."

हुकमासाठी तिने बंदर खात्याचे तीन खेटे घातले. तिसऱ्या खेपेला अधिकारी भेटला. तिने उताराची मापं पुढे ठेवली.

"पायऱ्या तुमच्याच खात्याच्या ना?" त्याने विचारलं.

"हो. मीच काढल्यात."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मग?"

"आता त्या मोडणं काही माझ्या हातात नाही. तुम्ही कुलूप तेवढं काढून द्या."

त्याने बराच वेळ मापं चाळली आणि सही केली. फाटक उजाडल्यापासून मावळेपर्यंत उघडं, त्यापुढे नाही.

साहेबांच्या कानावर गेलंच. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते आता निवृत्तीला टेकलेले. "राहू दे. पण नकाशात दाखवू नका. दाखवलंत तर देखभाल आपल्या गळ्यात."

तिने नाही दाखवलं. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

आता ताई सकाळी त्या उतारावरून जाते. खालच्या दगडांवर शेवाळ असतं, तिथे उतरून सायकल ढकलते. तिच्यामागे आणखी दहा-बाराजण असतात. बाळाच्या गाड्याही येतात. धुलाईघर सुटेपर्यंत मात्र अंधार पडतो, फाटक बंद होतं, आणि येताना पुन्हा तोच ट्रकांचा रस्ता.

"जाताना तरी सुटले," ताई म्हणते.

वेळ वाढवून मिळावी म्हणून धाकटीने दुसरा अर्ज दिलाय. दर गुरुवारी ती चौकशीला जाते. कारकून आता तिला बघूनच नाही म्हणून मान हलवतो, आणि ती बाहेरच्या बाकावर जरा टेकून घराकडे वळते.