वैद्यिणी कुठे थांबतात

प्रभाकररावांना मोबाइलवरचा तो लढाईचा खेळ त्यांच्या बायकोनं शिकवला होता, आणि सुरतेच्या अडाजण भागातल्या त्यांच्या सोसायटीत हे ज्याला कळे त्याला आधी हसू येई. उषाताई टपाल खात्यात होत्या. कुणाला पार्सलच्या खिडकीवर बसवायचं, कुणाला बचतीच्या, चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर कोण टिकेल आणि कोण दुपारपर्यंत रडकुंडीला येईल, हे त्या माणसाकडे एकदा पाहून ठरवत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. निवृत्तीनंतर फुफ्फुसांचं दुखणं लागलं, नाकात प्राणवायूची नळी आली, पलंग आणि खिडकीजवळची खुर्ची एवढंच जग उरलं, तेव्हा बडोद्याहून आलेल्या रश्मीनं, त्यांच्या लेकीनं, विरंगुळा म्हणून फोनवर 'गढीजिंक' नावाचा खेळ टाकून दिला. आई चार दिवस खेळेल आणि सोडून देईल, असं रश्मीला वाटलं होतं. वर्षभरात उषाताई सुरतेतल्या पोराटोरांच्या एका टोळीच्या सेनापती होऊन बसल्या.

समोर कुणा अनोळखी माणसाची गढी दिसे. आपल्या छावणीत मावतील तेवढेच सैनिक न्यायचे, कोणते न्यायचे ते आधी ठरवायचं, आणि एकदा मैदानात उतरवले की त्यांना परत बोलावता येत नसे. पुढे ते आपापल्या स्वभावानं वागत. ढालाईत, म्हणजे ढालवाले, सर्वांत जवळच्या तोफेवर धावून जात, तिरंदाज लांबून मारत, सुरुंगवाले तटाला खिंडार पाडत आणि त्यातच संपत. पांढऱ्या पदरांच्या वैद्यिणी जखमी सैनिकामागे जात. त्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी मार बसून आखडलेली असे, ती त्यांच्या सोबतीनं पुन्हा भरत जाई.

“अहो, सैनिक किती भारी ते बघायचं नसतं,” उषाताई धाप लागलेली असतानाही समजावत, “समोर काय आहे ते बघायचं. तोफा पुढे असल्या तर आधी ढालाईत, तिरंदाज त्यांच्या आडोशानं. वैद्यिणी सगळ्यांत शेवटी. मार पडायला लागला की मग. आधी सोडल्यात तर फुकट जातात बिचाऱ्या.”

प्रभाकररावांना ते जमत नसे. आयुष्यभर उधन्याच्या मराठी शाळेत भूगोल शिकवलेला तो माणूस निवड करायची वेळ आली की गडबडून जाई, सगळ्या प्रकारचे थोडे थोडे सैनिक घेई आणि हरे. उषाताई हसत, हसता हसता खोकत आणि फोन त्यांच्या हातून काढून घेत. त्यांची सुरुवात कायम एकाच जागेवरून असे. गढी कुणाचीही असो, मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात नदीचं वळण आणि थोडी वाळू चितारलेली होती, तिथून.

नवरात्रीच्या सुमारास त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि पाठोपाठ कृत्रिम श्वासाचं यंत्र लावावं लागलं. घशात नळी असल्यामुळे बोलणं गेलं. सुधारणेची आशा फारशी नाही, असं डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितलं होतं. शुद्धीवर असल्या की उषाताई उजवा हात उचलून दाराकडे करत.

“बाबा, आई घरी न्या म्हणतेय,” रश्मी म्हणाली.

“अजून थोडं थांबू या,” प्रभाकरराव म्हणाले.

ते थांबले. शेजारच्या घरांवर दिव्यांच्या माळा लागल्या आणि उतरल्या, रश्मीनं पुन्हा दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं, उषाताईंचा हातही पुढे पुढे चादरीवरून उचलेनासा झाला. त्या गेल्या त्या तिथेच, यंत्राच्या संथ आवाजात. त्याविषयी बाप-लेकीत नंतर कधी बोलणं झालं नाही.

दिवसकार्य आटोपून रश्मी बडोद्याला परतली आणि त्याच आठवड्यात प्रवीण आला. अमळनेरकडचा, उधन्याला मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा, तिशीतला माणूस. हातात लोचोचं, त्या सुरती न्याहारीचं, पार्सल होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

“काका, मी प्रवीण. मावशींच्या टोळीतला. समोरासमोर कधी भेट नव्हती झाली आमची, पण रोज सोबत लढायचो ना.” पार्सल त्यानं उषाताईंच्या फोटोपुढे ठेवलं. “एक मागू का? मावशींचं खातं बंद नका करू. तुम्हीच खेळा त्याच्यावर. हरा, टेन्शन नका घेऊ. नाव तेवढं दिसत राहिलं पाहिजे टोळीत.”

म्हणून ते खेळू लागले. जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, खाली रिक्षांचा आणि भाजीवाल्याचा गुजराती गलका चाले, आणि ते उषाताईंचा फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी सांगितलेलं एकेक आठवत सैनिक निवडत. हरत होतेच. पण त्या वेळात घर रिकामं वाटत नसे.

वैद्यिणींचं वागणं त्यांच्या लक्षात आलं ते अशाच एका हरलेल्या लढाईत. ढालाईत तोफांखाली कोसळत होते, त्यांच्या पट्ट्या आखडत चालल्या होत्या, आणि वैद्यिणी मात्र त्यांच्याकडे पाठ करून डाव्या कोपऱ्याकडे निघाल्या होत्या. नदीच्या वळणावर त्या वाळूभोवती गोल करून थांबल्या आणि लढाई संपेपर्यंत हलल्या नाहीत. आपलं बोट चुकून तिकडे पडलं असेल, असं प्रभाकररावांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांना मुद्दाम उजवीकडून, ऐन धुमश्चक्रीत सोडलं. जखमी सैनिकांच्या अंगावरून त्या सावकाश पुढे गेल्या, सगळं मैदान ओलांडून पुन्हा तिथेच जाऊन थांबल्या.

त्यांनी प्रवीणला फोन केला. लढाई संपल्यावर ती टोळीतल्या कुणालाही पुन्हा पाहता येत असे; प्रवीणनं दुकानात बसून पाहिली आणि जरा वेळानं त्याचा फोन आला.

“काका, हे अजीब आहे. वैद्यीण रिकाम्या जागी थांबतच नाही. जखमी माणूस असल्याशिवाय ती हलायचीच नाही, तिला तसं बनवलंच नाही. खेळातच काही गडबड झाली असणार.”

“आणि बरा झाला की?”

“कोण?”

“जखमी माणूस.”

“पट्टी भरली की सोडतात त्याला. मग तो जातो आपल्या वाटेनं.” प्रवीणनं विषय बदलला. “काका, जेवताय ना वेळेवर?”

पट्टी प्रभाकररावांना दिसली ती त्यानंतर. वैद्यिणींच्या मधोमध, वाळूच्या किंचित वर, कुणाच्याही डोक्यावर नसलेली. काडीएवढं हिरवं आणि बाकी सगळं काळं. त्यांनी चष्मा पुसला, फोन उजेडाकडे धरला. पट्टी होती, आणि ती अगदी हळू, श्वास घेतल्यासारखी, भरत होती. त्यांनी प्रवीणला पुन्हा विचारलं, तेव्हा त्याच्या फोनवर वाळू होती, वैद्यिणी होत्या, पट्टी नव्हती. त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी छावणी नुसत्या वैद्यिणींनी भरली. गढीकडे जायला कुणी नव्हतंच. त्या सगळ्या कोपऱ्यात जमत आणि तोफांचे गोळे त्यांच्यावर येऊन पडत. मरतानाही त्या मान वळवून पाहत नसत. पट्टी थोडी भरे आणि वैद्यिणी संपल्या की तिथेच राही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या गढीसमोर, ती आदल्या दिवशी होती तेवढीच असे. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना उषाताईंचं वाक्य आठवलं. समोर काय आहे ते बघायचं. समोर तोफा होत्या, आणि वैद्यिणींच्या आड उभं राहणारं कुणी नव्हतं.

मग तो निवडीला घाबरणारा माणूस निवड करू लागला. लढाईआधी मिळणाऱ्या वेळात ते गढी न्याहाळत. नदीकडे तोंड असलेली तोफ कोणती, तिचा पल्ला वाळूपर्यंत पोहोचतो का, तिच्याआड तट किती जाड आहे, हे पारखून घेत. पोहोचत असेल तर तटाला सुरुंगवाले, खिंडारातून नेमके त्या एकाच तोफेवर ढालाईत, त्यांच्यामागे तिरंदाज. बाकीच्या गढीकडे ढुंकूनही पाहायचं नाही. ती तोफ थंडावली की मग, अगदी शेवटी, वैद्यिणी. कोणता सैनिक कुठे धावेल, किती टिकेल, कुणाला मरू द्यावं लागेल, हे त्यांना आता न बघता कळू लागलं होतं. टोळीतली पोरं चकित झाली. काका जिंकत नाहीत पण खेळतात मावशींसारखंच, असं कुणीतरी लिहिलं, आणि ते वाचून त्यांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

पट्टी भरत होती. अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढे गेली. प्रभाकररावांनी दाढी करायला सुरुवात केली, बाल्कनीतल्या वाळलेल्या कुंड्या काढून टाकल्या, पलंगावर नवी चादर घातली. रश्मी दोन दिवसांसाठी आली, तेव्हा वडिलांना असं नीटनेटकं पाहून तिला बरं वाटलं. दुपारी ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकून बसली.

“आईचा खेळ खेळता?”

“हो.”

ती फोनवर वाकली. “त्या सगळ्या तिथे का उभ्या आहेत, बाबा?”

“त्यांचं काम चाललंय,” ते म्हणाले, आणि तिला पुढे काही दिसतंय का, हे तिच्या चेहऱ्यावर शोधू लागले. रश्मी नुसतीच त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. जाताना दारात ती म्हणाली, “बाबा, तुम्ही स्वतःला दोष देत नाही ना?” त्यांनी हसून मान हलवली. तेव्हा खरोखरच ते स्वतःला दोष देत नव्हते.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पट्टीची जागा बदलली आहे. ती वाळूवरून थोडी डावीकडे, मैदानाच्या काठाकडे सरकली होती, आणि वैद्यिणींचं कडंही तिच्यासोबत सरकलं होतं. आधी त्यांना आनंद झाला. हालचाल म्हणजे सुधारणा, हे रुग्णालयात ऐकलेलं होतं. पण पुढच्या लढाईत ती आणखी सरकली, त्याच्या पुढच्या लढाईत आणखी. वैद्यिणी आता तिच्याभोवती नव्हत्या. एका बाजूला उभ्या राहून त्यांनी तिला वाट करून दिली होती. त्यांची तोंडं मैदानाबाहेर, जिथे चित्र संपत होतं आणि फोनची काळी कड सुरू होत होती तिकडे होती.

काडीएवढंच काळं उरलं होतं. बाकी सगळं हिरवं.

प्रभाकररावांनी फोन डोळ्यांजवळ नेला. पट्टी भरली की सोडतात त्याला, प्रवीणचे शब्द होते, मग तो जातो आपल्या वाटेनं. काठ आणि पट्टी यांच्यामध्ये बोटभरही जागा नव्हती. त्या जागेकडे पाहता पाहता त्यांना इतका एकटेपणा वाटला की त्यांनी घरात कुणीच नसताना दोनदा “उषा” अशी हाक मारली. फ्लॅटमध्ये ती हाक जराशी फिरली आणि विरली. त्यांनी डोळे कोरडे केले आणि छावणी उघडली.

उद्याची फौज निवडायची होती. त्यांनी वैद्यिणींच्या चित्रावर बोट ठेवलं आणि एकेक करून त्या कमी केल्या. शेवटची उरली तेव्हा बोट क्षणभर थबकलं, मग तिलाही त्यांनी काढून टाकलं. सुरुंगवाले काढले, ढालाईत काढले. नुसते तिरंदाज घेतले, आणि दुसऱ्या दिवशी, नदीकडे तोंड केलेल्या तोफेची गढी मिळेपर्यंत एकामागून एक गढ्या नाकारत राहिले. मिळाली, तेव्हा तिरंदाज त्यांनी पलीकडच्या टोकाला, तोफेच्या पल्ल्याबाहेर सोडले. ते उभे असेपर्यंत लढाई संपणार नव्हती, आणि तोफेला दुसरं लक्ष्य राहिलं नाही.

ती वाळूकडे वळली. पहिल्या गोळ्यासरशी पट्टी थरथरली आणि आखडली. दुसऱ्या गोळ्यानंतर ती काठावरून किंचित आत आली. तिसऱ्यानंतर आणखी आत.

संध्याकाळी रश्मीचा फोन आला. मागे तिच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“बाबा, कसं आहे?”

“तसंच आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “सुधारणा नाही.” आणि त्यांच्या आवाजात शांत, निवांत समाधान होतं.